तांब्यातली वाघजाई

चंद्राबाई गुरवीण तांब्याशी बोलते, ही गोष्ट वाडीत कुणाला नवी नव्हती. पण तांब्याही तिला उत्तर देतो की काय, असं शेजारच्या लीलाबाईला अलीकडं वाटायला लागलं होतं.

मुठा नदीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी ही वाडी. खाली खोऱ्यात पुण्याच्या लोकांचे शनिवार-रविवारचे बंगले, आणि वाडीच्या डोक्यावर वाघजाईची राई. अंजनी, जांभळी, हिरडे, आणि त्यांच्यावरून चढलेल्या माणसाच्या मांडीएवढ्या गारंबीच्या वेली. भर दुपारी आत पाऊल टाकलं तरी दिवेलागण झाल्यासारखं वाटावं. त्या राईत एका चौथऱ्यावर, उघड्यावरच, देवीचा तांदळा होता. तांदळा म्हणजे नाकडोळे नसलेला, शेंदूर फासलेला दगड. त्याची पूजा चंद्राबाईच्या घराण्याकडं.

तिचा नवरा लवकर गेला. रिवाजानं पूजेचा मान भावकीतल्या पुरुषाकडं जायचा. पण भावकीतले बहुतेक हिंजवडीच्या कंपन्यांत, कुणी गेटवर, कुणी कँटीनला. रोज पहाटे राईत जाऊन देवीला पाणी घालायला सवड कुणाला? "बाई मानूस कशी पूजा करनार," असं दोघाचौघांनी म्हणून पाहिलं. "मग तुमी या," ती म्हणाली. आलं कुणी नाही. मिसरी लावून काळे केलेले दात, आवाज घोगरा, आणि खोटं बोलायचं नाही ही खोड. देवीच्या बाबतीत तर नाहीच. गुरवाचा शब्द फिरला की देवीचा कौल फिरतो, असं सासऱ्यानं तिला बजावलं होतं.

राईचे नेम साधे. आत वहाण नको, लोखंड नको. वाळकी काटकी डोक्यावर पडली तर तिथंच ठेवून यायची, चुलीला आणायची नाही. कुणाच्या आज्यानं एकदा नांगराच्या इसाडासाठी, म्हणजे लांब दांड्यासाठी, फांदी तोडली, तर बैल शेतात बसला तो उठलाच नाही, असं सांगत. खरं-खोटं बैलाला ठाऊक. राईत पाटी नव्हती, रखवालदार नव्हता, तारेचं कुंपण नव्हतं. धाक होता, आणि तो पुरत होता.

दोन-तीन पावसाळ्यांमागं मुंबईला देवरायांचा कायदा झाला. राईतलं झाड तोडणाऱ्याला कैद, आणि राईच्या राखणीला तालुक्याची समिती. सरपंच हैबतरावांनी फोनवर बातमी वाचली आणि वाडीत पेढे वाटले. वळणावर स्वतःच्या फोटोचा फलकही लावला, ‘आमच्या देवराईला कायद्याचे कवच’. त्या भरात त्यांच्या डोक्यात दुसरी गोष्ट आली. तांदळ्याला तडा गेला होता. भंगलेली देवी पुजू नये. तेव्हा नवी मूर्ती आणू, राईत लहानसं देऊळ बांधू, म्हणाले.

सभेत चंद्राबाईनं एकच विचारलं. "देवी उठीवल्यावर मधल्या टायमाला राखन कोन करनार?"

"कायदा करंल की," हैबतराव म्हणाले. "आता त्याची ड्युटी."

सगळे हसले. चंद्राबाईही हसली. नंतर तिला त्या हसण्याचाच जास्त राग यायचा.

कौल लावला. तांदळ्याला दोन पाकळ्या चिकटवल्या, देवीला विचारलं, ‘आई, उठायचं का?’ उजवी पाकळी पडली. म्हणजे हो. एवढ्यावरच सगळे आनंदानं उठले. परत कधी बसायचं, ते कुणी विचारलंच नाही. ते देऊळ झाल्यावर बघू, म्हणाले.

पौडाहून भटजी आले. त्यांनी मंत्र म्हणून देवीचं तेज तांदळ्यातून काढलं आणि तांब्यातल्या पाण्यात घेतलं. तांब्यावर नारळ, नारळावर लाल फडकं. देऊळ होईपर्यंत हा तांब्या गुरवाच्या घरी राहायचा आणि सुका पडू द्यायचा नाही, एवढं सांगून भटजी गेले. रिकामा झालेला दगड धरणाच्या पाण्यात सोडला. नवी मूर्ती आली ती काळ्या पाषाणाची, डोळ्यांवर मेण लावलेली, कारण जीव घातल्याशिवाय मूर्तीचे डोळे उघडायचे नसतात. ती समाजमंदिरात प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या मागं, तोंड भिंतीकडं करून ठेवली.

देवळाच्या पायासाठी चुना टाकला आणि तलाठी आला. नवा कायदा झालाय, राईत काही बांधायचं तर तालुक्याच्या समितीची परवानगी लागेल. समिती कुठं आहे? अजून झालेली नाही. कधी होईल? कायदा सुरू झाला की. मग सुरू न झालेला कायदा आम्हाला कसा अडवतो, असं हैबतरावांनी विचारल्यावर तलाठी म्हणाला, उगीच घोळ नको, थोडं थांबा.

तर देऊळ समितीसाठी थांबलं. समिती कायद्यासाठी थांबली. कायदा कशासाठी थांबला ते वाडीत कुणालाच सांगता येईना, आणि वाघजाई तांब्यात. बसायचा दिवस देवीलाच विचारावा, तर पाकळी चिकटवायची कशाला? तांब्याला?

चंद्राबाई रोज पहाटे राईतल्या झऱ्याचं पाणी आणून तांब्यात भर घालायची. सुरवातीला घोटभर लागायचं. मग ओंजळभर. पुढं पुढं सकाळी नारळ उचलावा तर तांब्या अर्धा रिकामा. गळत नव्हता, तिनं राखेत ठेवून पाहिला. राख कोरडी. "लई तहान लागतीया तुला," ती म्हणायची. "काय करशील, माज्या हातात काय हाय?" हे लीलाबाई भिंतीपलीकडून ऐकायची. आणि मधे थोडा वेळ गप्प राहून चंद्राबाई पुन्हा "व्हय, व्हय" म्हणायची, तेव्हा लीलाबाईच्या अंगावर काटा यायचा.

राईतही फरक पडत चालला. पहिल्यांदा वाळक्या काटक्या गेल्या. मग फांद्या गेल्या. एके दिवशी जांभळीचा बुंधा अर्धा सोललेला दिसला. कुणी केलं ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनीच थोडं थोडं केलं होतं. देवी जाग्यावर नाही, मग भ्यायचं कुणाला? शेकरू दिसेनासं झालं. धनेश पक्षी दर साली उंबरावर यायचे, ते आले नाहीत. एवढ्या झाडीत किडाही वाजेना. एरवी राईत माणसाला वाटायचं, कुणीतरी आपल्याकडं बघतंय. आता वाटायचं, कुणीतरी वाट बघतंय.

लीलाबाई एका दुपारी सरपणाला आत गेली. मोळी बांधत असताना पाठीमागून कुणी बाईनं विचारलं, "बाय, आज तारीख कंची?" आवाज अगदी साधा, घरातला. लीलाबाईला वाटलं वाडीतलीच कुणी असेल. "क्यालेंडर काय पदराला बांधून फिरतीया का मी," असं म्हणून ती वळली. मागं कुणी नव्हतं. मोळी तिथंच टाकून ती आली ती थेट चंद्राबाईच्या दारात. गड्यांनी तिची लई चेष्टा केली. वाघजाई कंपनीत लागली वाटतं, पगाराची तारीख विचारतीया, म्हणाले. पण त्यानंतर गडीही सरपणाला खालच्या ओढ्याकडं जायला लागले.

मग मोजणीवाला आला. राईच्या पलीकडं पठारावर प्लॉट पाडून विकले होते आणि त्यांना रस्ता हवा होता. सगळ्यांत जवळचा रस्ता राईच्या मधून. जमीन कागदावर भावकीतल्या एका मुंबईकराच्या नावावर, त्यानं तिकडूनच सही दिलेली. मोजणीवाला बाहेरचा माणूस, त्याला काही ठाऊक नाही. खुंट्या ठोकून तो चंद्राबाईकडं पाणी प्यायला थांबला आणि सहज बोलला, की आत तुमची कोण बाई बसलीय ती फार तुसडी आहे. मला तारीख विचारली, मी सांगितली. तर म्हणाली, ‘ती न्हवं.’

चंद्राबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. पाण्याचा, वाघजाईचा नव्हे. पण तिनं तोही जपून खाली ठेवला.

हैबतरावांनी तिला जीपमध्ये घालून पौडाला नेलं. गुरवीण सोबत असली की जोर येतो, म्हणाले. तिथल्या कोर्टात हेमलता म्हणून वकीलबाई होती, नांदे गावची, हैबतरावांच्या साडूची लेक. तिनं सगळं ऐकून घेतलं, जाडजूड कागद काढले आणि चहा मागवला. चहा मागवला म्हणजे बातमी बरी नसणार, हे चंद्राबाईला कळलं.

"कायदा झालाय, मावशी," हेमलता म्हणाली. "सभागृहात मंजूर झाला, राज्यपालांची सही झाली, राजपत्रात छापला. पण त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलंय, की शासन ठरवील त्या तारखेपासून तो अंमलात येईल. ती तारीख शासनानं अजून ठरवलेली नाही."

हैबतराव म्हणाले, की मग आम्ही पेढे कशाचे वाटले? हेमलता हसली नाही. तिनं समजावून सांगितलं, की असं पुष्कळ कायद्यांचं होतं. कायदा करणारे वेगळे, राबवणारे वेगळे. मागाहून नियम लिहावे लागतात, कोणता अर्ज कुणाकडं, दंड कुणी घ्यायचा, सगळं. ते लिहिणारं टेबल ठरलेलं नसतं. राया कुणाच्या, वनखात्याच्या की महसुलाच्या, यावर दोन खात्यांचं पत्र पत्राला उत्तर देत राहतं. समितीला माणसं हवीत, ती भरलेली नसतात. कधी सरकारलाच मागून वाटतं की घाई झाली. आणि कधी, ज्यांच्या जमिनी रायांना लागून असतात, ती मंडळी गुपचूप जाऊन सांगतात, जरा दमानं घ्या.

"काही कायदे तयारीसाठी थांबतात. काही, थांबलेले कुणाला तरी बरे असतात म्हणून थांबतात," ती म्हणाली. "बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात."

हैबतरावांनी विचारलं, कोर्टात जाऊन तारीख टाकून घेता येईल का. हेमलता म्हणाली, का थांबलात, विचार कधी करणार, एवढं कोर्ट सरकारला विचारू शकतं. पण आजपासून लागू करा, असा हुकूम सहसा देत नाही. तो सरकारचा मान. विनंतीअर्ज करू, पण झाडं तोवर थांबतील याची खात्री मी देणार नाही.

आता चंद्राबाईनं विचारलं, "असा ठिवल्याला कायदा मरतुया का?"

"रद्द करेपर्यंत मरत नाही."

"मंग जित्ता हाय?"

"तसाही नाही."

"मंग ऱ्हातोय कुटं?"

हेमलतानं कागदांकडं पाहिलं. "इथंच. छापलेला. तारखेची वाट बघत."

चंद्राबाईनं पदर डोक्यावरून ओढून घेतला. मोजणीवाल्याचं बोलणं तिनं वकीलबाईला सांगितलं नाही. येताना वळणावर हैबतरावांनी गाडी थांबवली, स्वतःच्या हातानं फलक उतरवला, गुंडाळून मागं टाकला आणि पुन्हा गाडीत बसले.

त्याच आठवड्यात अमजद टेंपो घेऊन आला. पौडाचा लाकूडतोड्या, त्याचा बापही हेच करायचा. खोऱ्यातली अर्धी घरं त्यांनी कापलेल्या लाकडावर उभी. टेंपोत करवतीच्या मशिनी आणि दोन गडी होते. तो थेट राईकडं गेला नाही. चंद्राबाईच्या दारात येऊन वहाणा काढल्या आणि ओट्यावर टेकला.

"सलाम, आक्का. प्लॉटवाल्यांचं काम आलंय. कागद बरूबर हायेत, म्या बघितले," तो म्हणाला. "पन आमच्या बाचं एक सांगणं हाय. आपन देवी मानीत न्हाई, तरी कुनाच्या बसल्या जागंला करवत लावू नगंस. आता गावात म्हनत्यात, तुमची देवी तितं न्हाईच. तवा तुलाच इचारतो. हाय म्हन, टेंपो वळवतो. न्हाई म्हन, कामाला लागतो. तुज्या शब्दावर."

लीलाबाई भिंतीवरून मान काढून बघत होती. ती जोरजोरानं मान हलवू लागली, ‘हाय म्हन, हाय म्हन.’ एक शब्द टाकला की राई वाचत होती. पण देवी तर आत देव्हाऱ्यात, तांब्यात होती. हे अमजदला ठाऊक नव्हतं, चंद्राबाईला होतं. हाय म्हणावं तर सासऱ्यानं बजावलेलं मोडतं. आणि खोट्यावर वाचवलेली राई किती दिवस वाचणार? उद्या दुसरा कुणी येईल, तो विचारणारही नाही.

"च्या पी," ती म्हणाली. "लीलाबाई, ह्यांना च्या टाक. मी आलेच."

ती घरात गेली. नारळ उचलून पाहिलं. तांब्यात तळाला पाणी उरलं होतं, जेमतेम पेलाभर. पहाटेच तिनं तो गळ्यापर्यंत भरला होता. तिनं तांब्या पदराखाली घेतला, मागल्या दारानं निघाली आणि अनवाणी राईत शिरली.

ऊन डोक्यावर होतं, पण आत त्याचा कवडसा नव्हता. पाचोळ्यावर पाय पडत होते त्याचाही आवाज होईना. चौथरा उघडा होता. तांदळा काढला तिथं चौकोनी खळगा राहिला होता, आणि त्यात एवढ्या दिवसांत पान पडलेलं नव्हतं. सगळीकडं पाचोळा, फक्त तिथं नाही. चंद्राबाई खळग्यापाशी उभी राहिली. कौल नाही, भट नाही, मूर्ती नाही, आणि मुहूर्त कुणी काढलेला नाही. सासऱ्यानं शिकवलेलं एकही वाक्य इथं लागू पडत नव्हतं.

पाठीमागून, अगदी मानेजवळून, आवाज आला.

"बाय, आज तारीख कंची?"

ती वळली नाही. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशीची तारीख तिलाही ठाऊक नव्हती. ती तिथी आणि बाजाराचा वार यांवर चालणारी बाई.

"हीच," ती म्हणाली. "आजपासनं तू हाईस."

तिनं कान दिला. ‘ती न्हवं’ असं आता येईल, मग येईल, म्हणून ती थांबली. आलं नाही.

तिनं तांब्या खळग्यात रिता केला. पाणी पसरलं नाही. खालून कुणी ओढून घ्यावं तसं एका दमात गेलं. मग पाठीमागं, जिथून आवाज आला होता तिथं, बसलेलं माणूस उठतं तसा कपड्याचा सळसळाट झाला. कुणीतरी तिच्या उजव्या अंगानं, तिला न लागता, पुढं गेलं. ओल्या शेंदराचा वास आला. आणि राईतले सगळे किडे एकदम वाजायला लागले, इतके की तिनं कानांवर हात घेतले आणि तांब्या खाली पडला. तो तिनं उचलला नाही.

ओट्यावर अमजदचा चहा निवला होता. तिच्या लुगड्याचा काठ ओला होता, तिकडं त्यानं पाहिलं. खालपर्यंत किड्यांचा आवाज येत होता.

"हाय का?"

"हाय."

"कवाधरनं?"

"आत्ताच बसली."

त्यानं गड्यांना हाक मारली आणि टेंपो वळवला.

वाडी मात्र खवळली. संध्याकाळी हैबतरावांच्या ओसरीवर तिला बोलावलं. सगळ्यांच्या वर्गणीची मूर्ती समाजमंदिरात पडून, आणि ही एकटी जाऊन देवी उघड्यावर ओतून आली. तू कोण दिवस ठरवणारी, असं ज्यानं त्यानं विचारलं. तो मान भटजींचा, तो मान सरपंचांचा, तो मान भावकीचा.

"ज्याचा मान त्यो गप बसला," चंद्राबाई म्हणाली. "समद्यांनी ठरवायचा म्हनून कुनीच ठरवीना. म्या ठरवला. चुकला असंल तर माज्या डोक्यावर."



प्लॉटवाल्यांनी लांबून दुसरे गडी आणले. ते कुणाला विचारायला आले नाहीत. सकाळी आत गेले आणि ऊन वर यायच्या आत बाहेर आले, मशिनी आतच टाकून. रस्त्याच्या कडेला एका ओळीत बसून राहिले. त्यांतल्या एकानं लीलाबाईकडं पाणी मागितलं. अंदर एक औरत है, म्हणाला. काय म्हणाली, असं लीलाबाईनं मोडक्या हिंदीत विचारलं. तो म्हणाला, कुछ पूछती नहीं. बस देखती है.

त्या मशिनी अजून आत आहेत. रस्ता डोंगराच्या पलीकडच्या अंगानं वळवायचं चाललंय, असं ऐकू येतं. हेमलतानं विनंतीअर्ज केला होता, त्याचं उत्तर आलं, विषय विचाराधीन आहे. मूर्ती समाजमंदिरात आहे. तिच्या डोळ्यांवरचं मेण काढायचं की नाही, हे आता कोणत्याच भटजीला नीट सांगता येत नाही.

आणि चंद्राबाईलाही राईत जाता येत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती फुलं घेऊन निघाली होती. बांधापर्यंत गेली, पुढं पाऊल उचलेना. आयुष्यभर ज्या वाटेनं ती डोळे मिटून चालली त्या वाटेवर तिला घाम फुटला. दगड असता तर त्याला पाणी घातलं असतं, शेंदूर लावला असता, रुसवा काढला असता. आता आत जी आहे तिला ना दगड, ना मूर्ती, ना गुरव. लीलाबाईनं तिला विचारलं, तुलाबी भ्या वाटतं का गं?

"वाटायलाच पायजे," चंद्राबाई म्हणाली. "त्याच्यासाठीच तर बसवली."

तरी ती रोज पहाटे बांधापर्यंत जाते. आतून केरसुणीचा आवाज येत असतो. कुणीतरी चौथरा झाडत असतं, सावकाश, कोपऱ्यापासून मधे, जसा तो इतकी वर्षं ती झाडायची. ती ऐकत उभी राहते. झाडणं थांबलं की फुलं बांधावर ठेवते आणि मागं न बघता घरी येते.